यंत्राचा निर्णय, माणसाची सही
कृत्रिम बुद्धिमत्तेने एखाद्याचा अर्ज नाकारला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मे २०१९ मध्ये तत्त्व मांडले, की ज्याला असा निर्णय बाधतो त्याला त्यास हरकत घेता आली पाहिजे. अंतिम जबाबदारी माणसाचीच, असे युनेस्कोच्या नोव्हेंबर २०२१ च्या शिफारशीनेही बजावले. परंतु शिफारशीमागे दंडशक्ती नसते. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात दंडाची तरतूद करून ही उणीव आपल्यापुरती भरून काढली. सरकारी कागदावर टिपणे अनेकांची असतात. आदेशाखाली सही मात्र एकाचीच असते, आणि नागरिक जाब विचारतो तो त्या सहीला. यंत्राच्या निर्णयाखालीही कोणा माणसाची सही हवीच. ती नसेल, तर विश्वासार्हतेच्या साऱ्या घोषणा कागदावरच राहतील.