लाकडाची वाट आणि कारागिराची पावले



बारा बलुतेदारांतील सुतार कामाला बसला की वाकस, किकरे, पटाशी, रंधा आणि गुण्या त्याच्या हाताच्या टप्प्यात असत. आज घरामागच्या खोलीत विजेची यंत्रे मांडून उद्योग आरंभणारा तरुण यंत्र निवडताना महिनोन्‌महिने विचार करतो. ते ठेवतो मात्र मोकळी जागा दिसेल तेथे. मग एका खुर्चीसाठी दिवसभर येरझाऱ्या घडतात.

फ्रँक गिल्ब्रेथ या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी गवंडीकामाचे निरीक्षण केले. विटा हाताच्या उंचीवर ठेवून आणि कामाची रीत सुधारून वीट रचण्यातील १८ हालचाली त्याने सुमारे ५ वर आणल्या. श्रम वाचले आणि काम वाढले. सुतारकामालाही हाच न्याय लागू आहे.

मांडणी ठरवावी ती लाकडाच्या प्रवासावरून. प्रथम फळी थोडी लांब ठेवून आडवी कापली जाते. नंतर सपाटीच्या रंध्यावर तिची एक बाजू सपाट आणि एक कड काटकोनात होते. मग जाडीच्या रंध्याची पाळी. हा क्रम उलटा चालत नाही. जाडीचा रंधा वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. खाली पीळ असेल तर तो तसाच राहतो. त्यानंतर गोल करवतीवर रुंदी निश्चित होते. म्हणून ही यंत्रे शेजारी-शेजारी आणि एकाच दिशेने असावीत. पुढे भोके, सांधे, जुळणी. पॉलिश शक्यतो वेगळ्या खोलीत, कारण ओल्या लेपावर भुसा बसतो.

प्लायवुडचा पूर्ण तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो. गोल करवतीच्या पुढे आणि मागे तेवढी मोकळी जागा लागते. खोली लहान असेल तर इतर यंत्रांना अडकणीची चाके लावावीत. एकटा कारागीर एका वेळी एकच यंत्र चालवतो. म्हणून मोकळी जागा सर्वांना सामाईक ठेवता येते. लांब फळी समोरच्या दारातून खुशाल बाहेर जावी. कारागिराच्या पाठीशी मात्र दार नसावे. करवतीत अडकलेले लाकूड उसळून त्याच्याच दिशेने येते, आणि कार्यशाळा घरात असली की दार उघडून डोकावणारे मूलही घरातलेच असते.

भुश्याकडेही दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले. धूळ ओढणारे यंत्र सर्वाधिक भुसा पाडणाऱ्या यंत्रांजवळ असावे. नळी आखूड, वळणे कमी. विजेच्या तारा पायवाटेत नसाव्यात आणि बंद करण्याचे बटण जागेवरून हाताला लागावे.

यंत्रे हलवण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर खोली आखावी, पुठ्ठ्याचे तुकडे यंत्रे म्हणून मांडावेत आणि एका खुर्चीच्या लाकडाची वाट पेन्सिलीने काढावी. रेघांचा गुंता दिसेल तेथे तुकडे सरकवावेत. कागदावरची चूक खोडता येते; करवतीवर गेलेले बोट परत येत नाही. कारागिराची दहा बोटे हेच त्याच्या घराचे खरे भांडवल आहे.