रायफलची किंमत आणि परवान्याच्या वह्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ हा विषय सुचवला होता. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, तेव्हा एवढं तर बोलता येईल, असा त्यांचा हिशेब. पण त्या विषयावर तुमची मुलं तुम्हाला रोज घरीच भाषण देत असतील. म्हणून मी आज एका बंदुकीबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरच्यांनी घाबरू नये, ती इथे आणलेली नाही.

विषय निवडायला कारण आहे. आपल्या वर्गातले कितीतरी जण अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा या जंगलपट्ट्यातून आलेले. तुमच्यापैकी काहींच्या घरात आजही आजोबा-पणजोबांची बंदूक असेल. कुठे भरमार, कुठे बारा बोअर. ती म्हाताऱ्या माणसाच्या नावावर असते, दसऱ्याला तिची पूजा होते आणि एरवी तिचा विषय निघत नाही. तो माणूस गेला की मात्र निघतो. आमच्याकडे तसाच निघाला.

आमच्या घरी नवेगावबांधच्या बाजूच्या गावात एक विंचेस्टर रायफल होती. माझे पणजोबा मालगुजार, त्यांच्यापासून ती चालत आलेली. ही लिव्हर अ‍ॅक्शन जातीची. चापाभोवती लोखंडी कडी असते, ती खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि परत ओढली की नवं आत बसतं. इंग्रजी सिनेमात घोड्यावरचे लोक खटाखट चालवतात, त्या घराण्यातली. पण त्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ठेवतात. आमच्या रायफलीत ती चापाच्या पुढच्या पेटीत एकावर एक बसतात. हे मॉडेल १८९५. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची ही रचना. आमचा बोअर .४०५. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा याच मॉडेलची, याच बोअरची रायफल त्यांच्यासोबत होती.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. परवानाधारक गेला की त्याचं शस्त्र घरात ठेवणं बेकायदेशीर ठरतं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेराव्याची वाट पाहायची नसते. माझ्या भावाने ठाण्यात कळवून ती आठवड्याच्या आत विक्रेत्याकडे जमा केली आणि पावती घेतली.

पावती आली आणि दुसऱ्याच आठवड्यात काकांच्या घरून निरोप आला. रायफल आजोबांची, म्हणजे ती सगळ्यांची. अमेरिकेत अशी रायफल वीस लाखांना जाते, असं कुणीतरी मोबाईलवर पाहिलं होतं. तुम्ही ती परस्पर कुठे ठेवली? त्या वर्षी दिवाळीचा फराळ या घरातून त्या घरात गेला नाही. चाळीस पावलांवर घर आहे. आई रोज त्या दाराकडे बघायची आणि काही बोलायची नाही. तेव्हा मी म्हटलं, आधी किंमत काढू, मग भांडू.

किंमत काढायला बसल्यावर कळलं की आपण एका प्रश्नात तीन प्रश्न विचारतो आहोत. ही वस्तू नेमकी काय आहे? कायदा तिला काय म्हणतो? आणि बाजार तिचे किती देतो?

पहिला प्रश्न. रायफलीवर १८९५ हा आकडा दिसतो, म्हणून घरात सगळे ती १८९५ची मानत. पण ती पेटंटची तारीख. .४०५चं काडतूस विंचेस्टरने बाजारात आणलं १९०४ साली, म्हणजे आमची रायफल त्याच्या आधीची असूच शकत नाही. नेमकं साल अनुक्रमांकावरून कळतं. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. काही मॉडेलांच्या ठरावीक क्रमांकांपर्यंतच्या नोंदी तिथे मिळतात. फी भरून क्रमांक कळवला की ते पत्र देतात. आमचा क्रमांक त्या वह्यांत सापडला. साल निघालं १९०६.

दुसरा प्रश्न कायद्याचा. ‘शंभर वर्षं जुनी, मग परवाना कशाला?’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हे चूक आहे. जुनी शस्त्रं कायद्यातून वगळलेली आहेत, पण दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत अशीच. आमची रायफल चालू होती, तेव्हा तिला परवाना लागणारच. उलट शंभरी ओलांडल्यामुळे १९७२चा पुरावशेष कायदाही तिला लागू झाला, म्हणजे ती देशाबाहेर विकायला नेता येत नाही. आता अमेरिकेतल्या वीस लाखांचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा. वीस लाख तिकडे, रायफल इकडे आणि मधला रस्ता बंद.

तिसरा प्रश्न बाजाराचा. विक्रेत्याकडे एक म्हातारे कारागीर होते. त्यांनी रायफल अर्धा तास नुसती पाहिली. नळीत उजेड सोडून आतले पेच बघितले. कडी उघडून मिटून आवाज ऐकला. स्क्रूच्या खाचा भिंगातून तपासल्या. कुठल्या तरी पिढीत गावच्या लोहाराने ती उघडली होती, हे त्यांनी खाचांवरूनच ओळखलं. दस्त्याला तडा गेला होता, त्यावर पितळी पट्टी ठोकलेली. पोलादाचा मूळ निळसर रंग बहुतेक उडालेला, कारण आमच्याकडे दर दसऱ्याला तिला राखेने घासून, खोबरेल लावून, मग हळद-कुंकू. ते म्हणाले, “बाई, तुम्ही हिला देव मानून झिजवली.” संग्राहक मूळ रंगाचे पैसे देतो. नव्याने चकाचक केलेली वस्तू त्याला नको असते. तुमच्याकडे जुनं काही असेल, तर किंमत काढण्याआधी ते घासू नका, एवढं तरी आज इथून घेऊन जा.

शिवाय .४०५ची काडतुसं इथल्या बाजारात मिळत नाहीत. घेणाऱ्याकडे परवाना हवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. घेणारे आधीच थोडे, ते आणखी कमी झाले. शेवटी त्यांनी जो आकडा सांगितला, तो आमच्या गावात एका चांगल्या दुभत्या म्हशीचा भाव आहे.

त्यांनी अजून एक विचारलं. “कागद काय आहेत?”

बाबांच्या पेटीत परवान्याच्या सगळ्या जुन्या वह्या होत्या. सर्वात जुनी १९३८ची. मी त्या ओळीने मांडल्या आणि थक्क झाले. पहिलीवर मध्य प्रांत व वऱ्हाडचा शिक्का. पुढे मध्य प्रदेश. १९५६ नंतर मुंबई राज्य. १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा सगळ्यांवर भंडारा आणि १ मे १९९९ नंतरच्या वह्यांवर गोंदिया. आमचं घर एक फूटही हललं नाही आणि रायफलीने चार राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले. प्रत्येक निवडणुकीला ती ठाण्यात जमा झाली, त्याच्याही पावत्या वह्यांत होत्या.

त्या वह्यांत विकत घेतलेल्या काडतुसांच्या नोंदी असतात. पणजोबांच्या काळात पानंच्या पानं भरलेली. त्या नोंदींचा अर्थ काय, तो मी गोड करून सांगणार नाही. नागझिरा-नवेगावच्या जंगलातली जनावरं या रायफलीने मारली आहेत. आजोबांच्या वहीत मात्र शेवटची खरेदी १९६९ची आहे. १९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५ला नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतर आजोबांनी आणि मग बाबांनी दर वेळी परवान्याचं नूतनीकरण केलं, पण काडतूस एकही घेतलं नाही. पन्नासहून अधिक वर्षं तो रकाना कोरा आहे. माझ्या मते आमच्या घराण्याने केलेलं हे सगळ्यात मोठं काम, आणि ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांगतात. पणजोबांनी नरभक्षक वाघ मारला म्हणून इंग्रज साहेबाने त्यांना ही रायफल बक्षीस दिली. त्याला कागद नाही. १९०६ ते १९३८ ही बत्तीस वर्षं कोरी आहेत. कारागिरांनी गोष्ट हसून ऐकली आणि आकडा तोच ठेवला. मी ती लिहून ठेवली आहे, पण वर ‘ऐकीव’ असं लिहून.

त्या सगळ्या वह्या घेऊन मी आणि भाऊ काकांकडे गेलो. कारागिरांचा आकडा सांगितला, पत्र दाखवलं. काकांनी आकड्याकडे फार लक्ष दिलं नाही. त्यांनी आजोबांची वही घेतली, चष्मा लावला आणि एक एक पान उलटत राहिले. शेवटी म्हणाले, “दादाची सही किती बदलत गेली पहा.” बाबांबद्दल बोलत होते. चहा आला, तिकडूनच.

रायफल विकली नाही. वारसाच्या नावाने परवाना मिळण्याची सोय २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. भावाने अर्ज केला, आईने आणि मी ना-हरकत दिली. पोलीस पडताळणी वगैरे होऊन परवाना मिळाला. आईने एकच अट घातली. घरात नातवंडं आहेत, तेव्हा काडतूस एकही राहता कामा नये. जुनी चार होती, ती रीतसर जमा केली. रायफल कुलपात आहे. वह्या मी स्कॅन केल्या आणि एक प्रत काकांच्या घरी दिली. या दिवाळीला फराळाचं ताट गेलं. आलंही.

मित्रांनो, माझा रोजचा धंदा नोंदींचा आहे. कुठली माहिती कुठून आली आणि मध्ये कुणी बदलली, हे शोधण्यात माझा दिवस जातो. तरी कागदाचं वजन मला या रायफलीने शिकवलं. म्हणून दोन विनंत्या. घरात जुनी बंदूक असेल, तर ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांच्याशी आजच बोला. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावावर करता येतं. तिचे फोटो मात्र आपल्या ग्रुपवर टाकू नका.

दुसरी विनंती शाळेसाठी. बाहेरच्या फलकावर आपले जे जुने फोटो लावले आहेत, त्यांतल्या अर्ध्यांच्या मागे एकही नाव नाही. दाखल-खारीज रजिस्टरात आपण सगळे आहोत, पण फोटोतला शिपाईकाका कोण आणि कोपऱ्यातल्या बाई कोणत्या, हे सांगणारे आज या सभागृहात बसलेले आहेत. जेवणाला जाण्याआधी प्रत्येकाने एका फोटोमागे नावं लिहावीत. पेन्सिली टेबलावर ठेवल्या आहेत. ज्या नावाची खात्री नसेल, त्यापुढे ‘ऐकीव’ लिहा, चालेल.