लोखंडी नांगराचं गिऱ्हाईक

एखादं यंत्र तयार होणं आणि ते खपणं यांत किती अंतर असतं? लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराच्या बाबतीत ते दोन वर्षांचं होतं. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर 1903च्या सुमाराला त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, आणि दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता.

यावर आपण हसतो. मला मात्र त्या शेतकऱ्याची बाजू कळते. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार होता. त्याची मजुरी सुगीला बलुत्यात भागायची. लोखंडी नांगराचा फाळ ऐन हंगामात झिजला तर बेळगाव कुणी गाठायचं? रोख पैसे कुठून आणायचे? 'विष' या एका शब्दात या साऱ्या शंका मावल्या असाव्यात. शब्दांत रमणारा माणूस असल्यामुळे म्हणा, मला तसं वाटतं खरं.

नांगरात गुण होताच. लाकडी नांगर जमीन नुसती फाडायचा, लोखंडी ती पालथी करायचा; हरळी-कुंद्याची मुळं उन्हात पडायची. पण हे शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी दिसावं लागतं. आज गावोगावच्या वर्कशॉपमध्ये कुणी पेरणीचं, कुणी फवारणीचं यंत्र जुळवत असतो. त्याला पेटंट घ्यायला सांगतात. जरूर घ्यावं, 20 वर्षं नक्कल अडवता येते. गिऱ्हाईक मात्र पेटंट आणून देत नाही. सुटा भाग कुठे मिळेल, हे आधी सांगावं लागतं, आणि ते त्याच्या भाषेत.

किर्लोस्करांना हे उमगलं होतं. 1910 साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. जमीन राजेसाहेबांनी दिली. माल वाढला, तसं दूरच्या गिऱ्हाइकांशी बोलण्याचं साधन हवं झालं. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते त्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती कारखान्याच्या या पत्राचं पुढे घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं. मग 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. आमच्या साहित्यिक मंडळींच्या गप्पांत ही तिन्ही नावं हमखास निघतात. नांगराचं नाव मात्र कुणी काढत नाही.