परदेशी इंटर्नशिप: आधी काम, मग अर्ज



अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची बरीच मुलंमुली समोर दिसताहेत, म्हणून आधी पैशांचं बोलतो. इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून कोणी प्रोसेसिंग फी, डिपॉझिट असं काहीही मागितलं, तर तिथून उठून या. इंटर्नला पैसे मिळायचे असतात, त्याने द्यायचे नसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता: आयटी जाणणाऱ्या तरुणांना थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून बेकायदा म्यानमारमध्ये नेलं जात होतं आणि डांबून ठेवलं जात होतं. त्यामागे ऑनलाइन फसवणुकीचा धंदा करणाऱ्या कंपन्या होत्या. आपल्याकडे ‘फॉरेन’ म्हटलं की अम्मीच्या बांगड्या गहाण पडायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. अमेरिकी कंपन्या उन्हाळी इंटर्न बहुतेक तिथल्याच विद्यापीठांतून घेतात, कारण त्या मुलांकडे विद्यार्थी व्हिसा आधीच असतो. मालेगाव किंवा सोलापूरहून पाठवलेल्या शंभर अर्जांना उत्तर आलं नाही, तर तो राग स्वतःवर काढू नका.

मग दरवाजा कुठे आहे? माझ्या मते ओपन सोर्समध्ये. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही, वय १८ पूर्ण हवं. काम घरून, मार्गदर्शक दुसऱ्या देशातला, मानधन देशानुसार ठरतं. दुसरा कार्यक्रम आउटरीची. वर्षातून दोन फेऱ्या, तीन महिन्यांचं काम, ७,००० डॉलर. ज्यांना आपल्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात भेदभाव किंवा अपुरं प्रतिनिधित्व सोसावं लागतं, त्यांच्यासाठीच तो आहे आणि अर्जात त्याबद्दल लिहायला सांगतात. मुलींनो, तिथे संकोचू नका, जे आहे ते स्पष्ट लिहा. मुलीला एकटीने बाहेर पाठवण्यावरून घरात वाद चालू असेल, तर घरून काम हे काही त्या वादाचं उत्तर नाही. पण वाद मिटेपर्यंत तिच्या हातात काम तरी असतं. फक्त परीक्षांचं वेळापत्रक त्यांच्या नियमांत बसतं का, ते आधी तपासा.

या दोन्ही ठिकाणी बायोडेटापेक्षा आधी केलेलं काम बघतात. आणि इथे आपल्याकडे एक भांडवल आहे, ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपल्यातल्या अनेक घरांत दोन लिप्या नांदतात. शाळेत मराठी, घरात उर्दू. लिबरऑफिस घ्या, त्याच्यामागची संस्था बर्लिनची आहे. देवनागरी जोडाक्षर तुटलं, किंवा उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या उर्दू ओळीत इंग्रजी आकडा घातल्यावर कर्सर भलतीकडे गेला, तर जर्मन प्रोग्रामरला ते डोळ्यांनी कळत नाही. तुम्हाला कळतं. ती चूक नोंदवा: कोणती आवृत्ती, काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. त्यांच्याकडे नवख्यांसाठी सोप्या कामांची वेगळी यादीही असते. एक छोटी दुरुस्ती स्वीकारली जायला कधी तीन आठवडे लागतात, दहा शेरे येतात. ते शेरे सोसणं हीच खरी मुलाखत.

एआयकडून कोड लिहून घेऊन न वाचता पाठवू नका. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी असल्या यंत्रलिखित अहवालांचा वैताग जाहीरपणे मांडला आहे. एकदा नाव खराब झालं की त्या प्रकल्पात कोणी तुमच्याकडे वळून बघत नाही.

प्रत्यक्ष जायचं असेल, तर कॅनडाची मायटॅक्स ग्लोबालिंक पाहा. बारा आठवडे, तिथल्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन. त्यासाठी पासपोर्ट आत्ताच काढा. आपल्याकडची खास अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग एका घरात तीन तऱ्हांचं. ही दुरुस्ती निवड झाल्यावर करायला गेलात तर वेळ पुरत नाही.

गुगलच्या कार्यक्रमातल्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते. ज्यांनी आदल्या पावसाळ्यातच एखाद्या प्रकल्पात काम सुरू केलेलं असतं, त्यांना तोवर तिथली माणसं नावाने ओळखू लागलेली असतात. आता तुमचे प्रश्न घेऊ. लॅपटॉप आणलेत ना? मग प्रश्नांनंतर लिबरऑफिस उघडून एक उर्दू ओळ टाइप करून बघू.