लिखाण पारखणार कोण?

बहुजन समाजांत लेखकच नाहींत, मग पुस्तकें कोणाचीं छापावीं, असें आम्हांस नेहमीं ऐकविलें जातें. आमचा उलट सवाल आहे : आलेलें लिखाण वाचतो कोण?

१८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढें ठेविलें. कुणबी जोडप्यास जोशी कसा नागवितो आणि शेवटीं तें विद्या शिकण्यास कसें निघतें, हें त्यांत होतें. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीराव स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’त सांगतात. नाटक छापून वाचकांपुढें येण्यास १९७९ साल उजाडलें! लेखक होता, लिखाण होतें. पारखणारे मात्र ज्यांच्यावर टीका होती त्यांचेच जातभाई होते.

म्हणून एखादें बक्षीस आमच्या पदरांत टाकून भागणार नाहीं. सार्वजनिक पैशावर ग्रंथ निवडणाऱ्या प्रत्येक मंडळांत दलित, आदिवासी, भटके, शेतकरी व स्त्रिया यांच्या जागा राखून ठेवा. ही भीक नव्हे, हक्क आहे. लेखणी आमच्या हातीं आली. आतां पारखणाऱ्यांच्या बैठकींतही आमचें आसन पाहिजे!