चार रंगांचा एक डबा

आज एका लाकडी डब्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. जुन्या घरांतून, माळ्यावर किंवा फडताळाच्या कोपऱ्यात, तो अजून सापडतो. आत १६ सोंगट्या, चार रंगांच्या, आणि सहा-सात कवड्या. सारीपाटाचा संसार एवढाच. पट कापडाचा. त्याच्या चार पट्ट्या, प्रत्येकीवर २४ घरे, मिळून ९६. गुंडाळला की काखेत मावतो.

जपानातही पटावरचा एक जुना खेळ आहे. त्याला 'गो' म्हणतात. त्यात १८१ काळ्या आणि १८० पांढऱ्या सोंगट्या असतात, आणि त्या ठेवायला दोन गोल लाकडी भांडी, झाकणासकट. तुतीच्या लाकडाची भांडी मोठ्या मानाची समजतात. दोघे खेळाडू आपापले भांडे जवळ घेऊन बसतात. समोरच्याची सोंगटी मारली, की ती आपल्या भांड्याच्या उलट्या झाकणात ठेवायची. किती मारल्या ते दोघांनाही दिसते. हिशेब उघडा, म्हणून भांडणाला जागा नाही.

त्यांची भांडी दोन. आपला डबा मात्र एकच. दिवसभर एकमेकींना मारणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या सोंगट्या रात्री एकाच डब्यात निजतात. हे मला एका आखाजीला उमगले.

अमळनेर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. दोघे भाऊ वेगळे झालेले. शेत वाटले, बैल वाटले, भांडी वाटली. पट थोरल्याकडे गेला, डबा धाकट्याकडे. मी म्हटले, "दादा, एक डाव होऊ द्या की." थोरले ओशाळे हसले. म्हणाले, "सर, पट आहे. पण सोंगट्या भिंतीपलीकडे."

म्हातारी आई ओसरीवर ऐकत होती. काही न बोलता ती उठली, पलीकडे गेली आणि पदराखाली डबा घेऊन आली. मागोमाग धाकटाही आला. मोजल्या तर एक काळी सोंगटी कमी. नातवाने चिंचोका आणून ठेवला. दिवेलागणीपर्यंत डाव चालला. शेताचा बांध होता तिथेच राहिला, हे खरे. पण त्या दिवशी दोघे भाऊ एका पटाला गुडघा लावून बसले.

इंग्लंडात १८९६ साली याच खेळावरून लुडो निघाला, आणि आज तो मुलांच्या मोबाइलवर आहे. त्याला माझी हरकत नाही. पण मोबाइलवरच्या सोंगट्या मोजून डब्यात ठेवाव्या लागत नाहीत, आणि हरवलेल्या सोंगटीसाठी कुणी चिंचोका शोधत नाही.

गुरुजनहो, मुलांना एवढेच सांगा: घरातला डबा शोधा, सोंगट्या मोजा, कोणत्या दानाला आजी काय म्हणते ते वहीत लिहून आणा. आणि श्रोतेहो, डबा मोडीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. सोंगटी कमी असली तरी चिंचोके पुष्कळ आहेत.