गुरूवांचून शिकलेला आरेखक

कोल्हापुरांत ३ जून १८९० रोजीं बाबूराव मेस्त्री यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. तेव्हां लाकूड, लोखंड आणि रंग यांची संगत बाबूरावांना घरांतच लाभली. चित्रकलेच्या शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. आनंदरावांच्या जोडीनें नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवितां रंगवितां ते शिकले, आणि लोकांनींच त्यांना 'पेंटर' हें नांव देऊन टाकलें. पुढें त्यांनीं 'सैरंध्री' (१९२०) हा चित्रपट काढला आणि आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकेंही स्वतः रंगविलीं. १९२४ मधील 'कल्याण खजिना' या चित्रपटाचें भित्तिपत्रक हें भारतांत आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत गणलें जातें. ज्याला हल्लीं ग्राफिक डिझायनर म्हणतात, त्या स्वतंत्र आरेखकाचा दक्षिण महाराष्ट्रांतील मूळपुरुष शोधूं गेल्यास तो असा कोल्हापुरांत सांपडतो.

परंतु बाबूरावांचें नांव पुढें करून "शाळेवांचून कांहीं अडत नाहीं" असें जे म्हणतात, ते अर्धीच हकीकत सांगतात. बाबूराव शाळेंत गेले नाहींत हें खरें. पण ते एकटेही नव्हते. भोंवतीं सुतार होते, नट होते, पडदा ओढणारे होते; आणि रंगविलेला महाल शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला महाल वाटतो कीं नाहीं, याचा निकाल त्याच रात्रीं लागत असे. ज्यांच्या हातची अक्षरें मराठी नाटकांच्या जाहिरातींतून घरोघर पोंचलीं, त्या कमल शेडगे यांची (१९३५–२०२०) गोष्टही याच जातीची आहे. कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. पण मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया वृत्तपत्रसंस्थेंत अनेक वर्षें रोज अक्षर काढावें आणि दुसऱ्या दिवशीं तें छापून आलेलें पाहावें, ही शाळा कांहीं लहान नव्हे.

आतां सांगली जिल्ह्यांतील विटा हें गांव घ्यावें. खानापूर तालुक्याचें हें ठाणें पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें; १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. चित्रकलेला हा मुलूख परका नाहीं. जवळच्या औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रें काढीत आणि त्यांनीं औंधला चित्रसंग्रहालयही उभारलें. तिकडे किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढली, तिच्या मुळाशीं नांगर-चरकांची जाहिरात होती. विट्यांत यंत्रमाग आहेत, आणि या भागांतील गलाई करणारीं, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करणारीं, कुटुंबें हिंदुस्थानभर पसरलेलीं आहेत.

अशा गांवांत एखादा तरुण किंवा तरुणी संगणकावर आरेखन शिकते. इंकस्केप आणि गिंप हीं साधनें फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता', 'बलू' हे देवनागरी टंकही खुल्या परवान्यावर मिळतात. धडे तर घरबसल्या दिसतात. तेव्हां साधनांची वाण नाहीं. उणीव आहे ती त्या शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाची. पडद्यावर केलेलें चित्र पडद्यावरच राहिलें तर त्यांतील चूक बोलत नाहीं. म्हणून आरंभींचे दोन-तीन महिने गांवांतल्याच एखाद्या छापखान्यांत, पगाराची अपेक्षा न धरतां कां होईना, बसून काढावेत. एखाद्या महागड्या वर्गाच्या प्रमाणपत्रापेक्षां त्याची किंमत अधिक आहे.

तेथें पहिला धक्का रंगाचा बसतो. संगणकाचा पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशानें रंग घडवितो. छपाईचें यंत्र निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांनीं. पडद्यावर झळाळणारा हिरवा कागदावर उतरला कीं मलूल होतो, आणि गिऱ्हाईक दोष देतें आरेखकाला. दुसरी गोष्ट कापणीची. कागद कापतांना पातें केसभर इकडे-तिकडे सरकतेंच. यास्तव रंग कडेच्या बाहेर तीनएक मिलिमीटर सोडावा लागतो. तसें न केल्यास लग्नपत्रिकेच्या एका कांठाला पांढरी रेघ उमटते आणि हजार प्रती वाया जातात.

मराठी अक्षराचें दुखणें याहूनही निराळें आहे. छापखान्यांतून वर्षानुवर्षें श्री-लिपीसारख्या संचांतील जुने टंक चालत आले. त्यांची सांकेतिक मांडणी यूनिकोडहून वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्यांत नेला कीं जोडाक्षरें फुटतात, रफार भलतीकडे बसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षर सोडून पळते. 'श्रद्धांजली'च्या फलकावर असा घोटाळा झाला तर तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. यावर उपाय दोन: मजकूर छपाईस देण्यापूर्वीं अक्षरांच्या आकृति करून टाकाव्या, आणि त्याआधीं तपासणीची प्रत गिऱ्हाइकाच्या हातीं देऊन तिच्यावर त्याची सही घ्यावी. सही मागण्याचा संकोच वाटतो, विशेषतः गिऱ्हाईक वडिलांचा स्नेही असला म्हणजे, पण तोच स्नेही चूक निघाल्यावर "बाळ, हें तूं पाहावयास नको होतेंस काय?" असें विचारतो.

आणि खरा पेंच येथेंच आहे. गांवांत सगळे ओळखीचे. मामा म्हणतात, "दोन रेघा तर ओढावयाच्या आहेत." दुकानाचें बोधचिन्ह पेढ्यांच्या पुड्यावर मागितलें जातें. घरच्यांना तर संगणकापुढें बसलेलें मूल काम करीत आहे कीं खेळत आहे, हेंच उमगत नाहीं. आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस पैसा हातीं आला नाहीं तर तें मूल पुण्यामुंबईस नोकरी शोधावयास जातें. कित्येकांचा व्यवसाय मोडतो तो हात वाईट म्हणून नव्हे, मोबदला ठरविला नाहीं म्हणून.

कायदा या बाबतींत समजतो त्याहून अधिक अनुकूल आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नोकरींत नसलेल्या आरेखकानें काढलेल्या बोधचिन्हावर पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी सहीनिशीं द्यावा लागतो, आणि त्या लेखांत मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांचीच धरली जाते. दुकानदारानें हें ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. चार ओळींचा कागद दोघांच्याही हिताचा आहे. थकलेल्या बिलासाठीं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते. तशी नोंदणी असली म्हणजे कराराशिवाय दिलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवसांत, व लेखी करार असल्यास फार तर पंचेचाळीस दिवसांत, देणें भाग आहे. त्यापुढें रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज चढतें. अर्थात् मामांवर कोणी व्याज लावीत नाहीं. त्यांच्याकडून निम्मी रक्कम आधीं घ्यावी, हाच मार्ग.

परगांवच्या कामाची वाट मात्र विट्याला इतर गांवांपेक्षां सोपी आहे. केरळांत किंवा तमिळनाडूंत पेढी असलेल्या गलाईवाल्यास पावतीपुस्तक हवें असतें, पाटी हवी असते, नव्या दुकानाची पत्रिका हवी असते. आणि गांवचा मुलगा म्हटलें कीं तो विश्वासानें काम सोंपवितो. तो पैसे वेळेवर पाठवितो, कारण त्याच्या धंद्यांत गुंजेचाही हिशेब राहतो.

दसऱ्याला विट्यांत पालख्यांची शर्यत होते. दसऱ्याआधींच्या आठवड्यांत छापखाने रात्रभर चालतात, फलकांची मागणी एकदम येते, आणि नवख्यालाही काम मिळतें. त्या आठवड्यांत केलेल्या प्रत्येक कामाचें बिल त्याच दिवशींच्या तारखेनें लिहिलें गेलें पाहिजे. दिवाळीनंतर कोणी कोणतें फलक केलें, हें कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं.